देणाऱ्याचं मन, घेणाऱ्याची गरज



संयोजकांनी मला 'तुझ्या कामाविषयी पाच मिनिटं बोल' असं सांगितलंय. माझी नोकरी परदेशी कर्जावरच्या प्रकल्पांचे हिशेब तपासण्याची. स्नेहसंमेलनात त्याचं काय काम, असं मलाही वाटलं होतं. पण सकाळपासून शाळेच्या देणगीवरून आपल्यात जो वाद रंगलाय, स्मार्ट बोर्ड की मुलींची स्वच्छतागृहं, तो ऐकला आणि विषय सापडला. देश दुसऱ्या देशाला मदत करतात, तेव्हाही हाच वाद असतो. फक्त शून्यं जास्त.

जपानचंच पाहा. मुंबईहून येणारे बरेच जण आज अटल सेतूवरून आलात. तो जपानी कर्जातून झाला. मुंबईची मेट्रो-३ आणि दिल्लीची मेट्रो यांनाही जपानचं कर्ज आहे. जपानने पहिलं येन कर्ज १९५८ साली दिलं, तेही भारतालाच. महायुद्धात हरून तेव्हा जेमतेम तेरा वर्षं झाली होती. आग्नेय आशियातल्या देशांना युद्धाची भरपाई द्यायची होती, कारखान्यांना कच्चा माल आणि गिऱ्हाईक हवं होतं. मदत आणि व्यापार तेव्हापासून हातात हात घालून चालले.

पुढे प्राधान्यक्रम बदलत गेला. १९७३च्या तेलसंकटानंतर जपानचं लक्ष पश्चिम आशियाकडे वळलं. १९९२ साली त्यांनी मदतीची सनद लिहिली. घेणाऱ्या देशाचा लष्करी खर्च, अण्वस्त्रं, लोकशाही, पर्यावरण हे सगळं पाहूनच पैसा द्यायचा, असं त्यात ठरलं. १९९८ साली पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि आपली नवी कर्जं थांबली. २००१ साली ती बंदी उठली. काही वर्षांतच येन कर्ज घेणाऱ्यांत भारत सर्वांच्या पुढे गेला आणि चीनची नवी कर्जं बंद झाली. आपली गरिबी काही त्या काळात अचानक वाढली नव्हती. बदललं होतं ते देणाऱ्याचं गणित.

हे गणित टोकियोत परराष्ट्र, अर्थ आणि उद्योग अशी वेगवेगळी मंत्रालयं मांडतात. प्रत्येकाचा हेतू वेगळा. एकाला मैत्री हवी, दुसऱ्याला परतफेडीची खात्री, तिसऱ्याला आपल्या कंपन्यांना काम. प्रत्यक्ष अंमलबजावणी 'जायका' ही संस्था करते. 'घेणाऱ्या सरकारने मागितलं तरच द्यायचं' हा त्यांचा जुना नियम. नियम चांगला, पण मागणीपत्राचा मसुदा अनेकदा जपानी कंपन्याच सुचवतात, अशी टीका खुद्द जपानमध्ये झाली. २०२३च्या सनदेत तर आपण होऊन प्रस्ताव द्यायची वाट मोकळी केली आहे.

बुलेट ट्रेनचं कर्ज तुम्हाला माहीत असेलच. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, त्यातली पहिली १५ वर्षं सवलतीची. इतकं स्वस्त कर्ज कोण नाकारेल? पण त्यासोबत शिंकान्सेनचं तंत्रज्ञानही आलं. आणि ज्यांच्या जमिनी त्या मार्गात गेल्या, त्या पालघरच्या शेतकऱ्यांची निकड काही वेगळीच होती.

माझ्या मते, देणाऱ्याने स्वतःचा फायदा पाहणं यात पाप नाही. दिल्ली मेट्रोतून रोज लाखो लोक जातात. त्यांना त्या कर्जाचा उपयोगच झाला. बिघडतं कुठे, तर घेणाऱ्याची गरज कोणी विचारलेलीच नसते आणि उद्घाटनानंतरच्या देखभालीचा खर्च कोणाच्याच वहीत नसतो.

म्हणून आपल्या निधीसाठी तीन प्रश्न सुचवतो. ही गरज कोणी सांगितली? पाच वर्षांनी दुरुस्तीचे पैसे कोण देणार? आणि आपल्या बॅचच्या नावाची पाटी लागली नाही, तरी आपण हेच देऊ का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळणार नाही. ते मुख्याध्यापिकाबाईंना विचारू या, शाळा झाडणाऱ्या मावशींना विचारू या आणि आठवी-नववीच्या मुलींनाही. त्या जे सांगतील, त्यावर आज संध्याकाळी मत घेऊ. स्मार्ट बोर्डवाल्यांनी रागावू नये. मुलींनी तोच मागितला, तर माझा हात पहिला वर असेल.