शिष्यवृत्ती आणि शिफारसपत्र



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांनी मला निबंध लिहायला शिकवले. त्यामुळे पंच्याहत्तरीतही आज वही तपासायला दिल्यासारखे वाटते.

परदेशी जाऊन पीएच.डी. करायची तर पैसा कोठून आणावा, असे पालक मला वारंवार विचारतात. याचे एक थोर उत्तर आपल्या बडोद्यानेच दिले आहे. १९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला, तो त्यांनी महाराजांनाच अर्पण केला.

आज महाराज नाहीत, वाटा मात्र अनेक आहेत. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन या देशांत पीएच.डी.चा विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. त्या जागेची रीतसर जाहिरात निघते. युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेत कोणत्याही देशाच्या उमेदवाराला अर्ज करता येतो. मात्र आधीच्या ३६ महिन्यांत त्याने यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ वास्तव्य वा काम केलेले नसावे. अमेरिकेत बहुतेक अर्ज डिसेंबरच्या सुमारास जातात, आणि अध्यापन वा संशोधनातील साहाय्याच्या बदल्यात शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते. २०२५ साली तेथील काही विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेश घटवले. म्हणून एकाच देशावर विसंबू नये.

या व्यवस्थेचे मर्म असे, की पैसा पुष्कळदा एखाद्या विशिष्ट प्रश्नासाठी मंजूर झालेला असतो. म्हणून आधी आपला प्रश्न ठरवावा, मग त्यावर काम करणारा प्राध्यापक शोधावा, त्याचे लेखन वाचावे आणि मगच त्याला पत्र लिहावे. देशाचा विचार त्यानंतर.

येथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने बडोद्यातील जुन्या मराठी घरांच्या बोलीचा अभ्यास केला होता. तिच्यासाठी मी शिफारसपत्र लिहिले: हुशार, कष्टाळू, सुस्वभावी. वर्षभरात तिला सगळीकडून नकार आले. पत्राची प्रत मी तिला दाखवली, तेव्हा ती हळूच म्हणाली, “सर, यात मी कुठे दिसतच नाही.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. स्थळाला लिहावे तसे पत्र मी लिहिले होते! दुसऱ्या वर्षी मी लिहिले, की हिने चाळीस वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. गुजरातीचा प्रभाव क्रियापदांवर अधिक असेल हे स्वतःचे गृहीतक पुराव्यावर टिकेना, तेव्हा ते तिने स्वतःहून सोडून दिले. त्या वर्षी तिला नेदरलँड्समध्ये पगारी जागा मिळाली. श्रेय तिचेच, पण वाया गेलेल्या वर्षाचे उत्तरदायित्व माझे.

शिक्षकमित्रांनो, मुलांना वाट दाखवणे सोपे असते. त्यांनी काय केले हे नीट पाहणे आणि तसेच लिहिणे अवघड. आमच्या गुरुजींनी ते केले. वहीच्या समासात ते कधीच नुसते ‘छान’ लिहीत नसत.