शनवार तेल्यांचा धडा

(नागपूर तालुक्यातील एका खेड्यात शेतकरी व कारागीर मंडळींपुढे तेथील शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



परवा शाळेत एका मुलाने नकाशावर बोट ठेवून विचारले, “गुरुजी, एवढ्याशा इस्राएलापायी इतकी वर्षे भांडण कशाचे?” त्याला दिलेले उत्तर आपणापुढे मांडतो. मी पंडित नव्हे. चुकलो तर सांभाळून घ्या.

ही गोष्ट आपल्या घाण्यापासून सुरू होते. कोकणात अलिबाग, पेण, रोहे या भागात बेने इस्राएल लोक तेल गाळीत. धर्माने यहुदी, बोलीने मराठी, आडनावे पेणकर, रोहेकर. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांस शनवार तेली म्हणत.

तिकडे युरोपात हिटलरच्या राजवटीने सुमारे ६० लाख यहुदी मारले. छळलेल्यांना हक्काचे घर हवे होते. १४ मे १९४८ रोजी पॅलेस्टाइनच्या भूमीत इस्राएलचे राज्य जाहीर झाले. ही वाटणी अरबांस मान्य नव्हती; दुसऱ्याच दिवशी शेजारच्या अरब राज्यांच्या फौजा चालून आल्या. राज्य टिकले. पण त्या धामधुमीत सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी अरब घरादारास मुकले. कोणी भिऊन पळाले, कोणास हाकलले. त्यांस माघारी येऊ दिले नाही. निराश्रितांस घर मिळाले आणि नवे निराश्रित झाले. मुलाच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

आपले शनवार तेलीही मोठ्या आशेने तिकडे गेले. तेथे काय झाले? रंगावरून व कामावरून त्यांना दुजाभाव जाणवला. १९५२ च्या सुमारास काही कुटुंबे धरणे धरून हिंदुस्थानात परत आली. १९६२ साली वरिष्ठ धर्मगुरूंनी हुकूम काढला की, बेने इस्राएलांशी इतरांचे लग्न लावण्याआधी त्यांच्या मागल्या पिढ्या तपासाव्या. धर्म एक, राज्य एक, पण लग्नमंडपाच्या दाराशी कुळाची चौकशी! हे दुखणे आपल्या ओळखीचे नाही काय?

ते लोक गप्प बसले नाहीत. १९६४ साली त्यांनी जेरुसलेमात ठाण मांडले. ऑगस्टात तेथील कायदेमंडळाने ठरविले की, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच होत. मग धर्मगुरूंनी हुकुमातून त्यांचे नाव काढले.

परंतु तोच न्याय अरबांस कोठे मिळाला? इस्राएलात राहिलेल्या अरबांस मताचा हक्क होता, तरी १९६६ पर्यंत त्यांच्या गावांवर लष्करी अंमल होता. १९६७ च्या लढाईत इस्राएलने गाझा व जॉर्डन नदीचा पश्चिम तीर घेतला. १९७९ साली इजिप्तशी व १९९४ साली जॉर्डनशी तह झाले. पॅलेस्टिनींचा प्रश्न मात्र सुटला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने सुमारे १,२०० माणसे मारली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो पॅलेस्टिनी मेले, त्यांत लेकरे किती तरी.

मंडळी, राज्य एका दिवसात जाहीर करता येते. राष्ट्र तसे होत नाही. आपल्यावरील अन्याय ज्यास कळतो, त्यास दुसऱ्यावरचा कळला पाहिजे. आपणही तपासून पाहू. वरचा आपणास हलका म्हणतो तेव्हा आपण चिडतो. मग आपल्या पंगतीत, पाणवठ्यावर, सोयरिकीत आपण कोणास हलके लेखतो? त्या मुलाने हे विचारले तर काय उत्तर द्याल, ते आज घरी जाऊन ठरवा.