भाकरी का करपली?



घोड्यांवर ज्यांचे पोट चालते त्या माणसांचा शीण, हा आजचा विषय आहे. साताऱ्या-सांगलीत आता घोडे राहिलेत कोठे, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. सांगली-मिरजेच्या रस्त्यावरचे टांगे गेले, संस्थानी पागा तर त्यांच्याही आधी मोडल्या, हे खरे. पण जरा आठवून पाहा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी किंवा पाचगणीच्या टेबललँडवर मुलाला घोड्यावर बसवून फोटो काढला नाही, असे घर या सभेत क्वचितच असेल. आपल्या गल्लीतल्या वरातीला घोडी लागतेच. माण-खटावचा किंवा जत-आटपाडीचा धनगर मेंढरांमागे निघाला की त्याचा सारा संसार घोडीच्या पाठीवर असतो. शर्यतीच्या घोडागाड्या आहेत. आणि या सगळ्या जनावरांची दुखणी पाहणारे पशुवैद्य आहेत. त्यांना तयार करणारे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे महाविद्यालय शिरवळला, म्हणजे सातारा जिल्ह्यातच आहे. तेव्हा घोडा गेलेला नाही. आपण त्याच्याकडे पाहतो, त्याचा लगाम धरून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहत नाही, एवढेच.

लहानपणी आपणा सर्वांना एक कोडे घातले गेले आहे. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? उत्तर एकच : फिरवले नाही म्हणून. या कोड्यात एक शहाणपण आहे, आणि ते मानसशास्त्राला बऱ्याच उशिरा सापडले. १९७४ साली न्यूयॉर्कमधील हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, दवाखान्यात मनापासून राबणारी माणसे काही दिवसांनी आतून जळून गेल्यासारखी का होतात, यावर लेख लिहिला. त्या अवस्थेचे इंग्रजी नाव ‘बर्नआउट’. पुढे ख्रिस्टिना मास्लाक या विदुषीने तिची तीन लक्षणे सांगितली. माणूस भावनेने रिता होतो. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी तो कोरडा, तुसडा होतो. आणि आपल्या हातून काही भले होत आहे असे त्याला वाटेनासे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली हा प्रकार आपल्या वर्गीकरणात घातला तो रोग म्हणून नव्हे, कामाशी निगडित असलेली अवस्था म्हणून. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याची बरीच यातायात चालते. मला ती अनाठायी वाटते. ‘करपणे’ हा शब्द घरात आहे. शिवाय तो कारणही सांगतो. विस्तव नसेल तर भाकरी भाजणारच नाही. भाकरी करपते ती एकाच अंगावर फार वेळ राहिली म्हणून.

आता घोडेवाल्याचे काम कसे असते ते पाहू. घोडा एवढा थोरला प्राणी, पण त्याचे जठर अंगाच्या मानाने लहान. मोकळा सोडला तर तो दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत राहील. थाण्यावर बांधलेल्या घोड्याला हे चरणे माणसाने पुरवायचे असते : वैरण थोडी थोडी, अनेकदा, दाणा बेताचा, पाणी दिवसाला पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात आणि कामावर त्याहून जास्त. घोड्याला ओकता येत नाही. त्यामुळे दाणा चुकला की पोटशूळ उठतो, आणि मग रात्रभर त्याच्याजवळ बसावे लागते. घोडी अकरा महिन्यांनी विते, तीही बहुधा रात्री. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदी, रोजचा खरारा, तंगाखाली घासले आहे का ते पाहणे, खुरातला खडा काढणे. पाचगणीचे पठार जांभ्याचे. त्या कठीण भुईवर खुरांची फार काळजी घ्यावी लागते. रविवार असो, घरात लग्न असो, घोडेवाल्याच्या अंगात ताप असो, घोड्याला हे सगळे ठरल्या वेळी हवेच. दुकानाला कुलूप लावता येते, घोड्याला लावता येत नाही.

चांगला घोडेवाला घोड्याचा शीण लांबून ओळखतो. कान ढिले पडले, पाऊल अडखळू लागले, तोबरा पुढे केला तरी मान वळली नाही, की तो खोगीर उतरवतो आणि दुसरे जनावर काढतो. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला अंग टाकावे लागते. आणि भोवताली निर्धास्त वाटल्याशिवाय तो अंग टाकत नाही. हेही घोडेवाल्याला माहीत असते. म्हणजे विश्रांतीचे पुरते शास्त्र या माणसाच्या हाताशी आहे. ते तो स्वतःला मात्र लावत नाही. घोडे तीन असतील तर ते आळीपाळीने निघतात. लगाम धरणारा एकच असतो आणि तो तिन्हींबरोबर चालतो.

तो हट्टी आहे म्हणून असे होते, असे समजू नका. यामागे हिशेब आहे. महाबळेश्वरचा हंगाम म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्ट्या, दिवाळी, नाताळ आणि मधले काही शनिवार-रविवार. मग दोनशे इंचांच्या वर पाऊस पडतो आणि घोडा जागेवर उभा राहतो. फेऱ्या बंद, तोंड चालू. पावसाळ्याची वैरण आणि हरभरा मे महिन्यातच कमवायचा, त्यातून मागची उधारी फेडायची. अशा माणसाला ‘जरा विश्रांती घेत जा’ असा उपदेश करणे फार सोपे आहे. मे महिन्यात घेतलेला विसावा ऑगस्टात घोड्याच्या पोटातून वजा होतो, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते.

या ठिकाणी शिवछत्रपतींच्या एका पत्राची आठवण होते. राज्याभिषेकापूर्वी थोड्याच काळात लिहिलेले हे पत्र चिपळूणच्या मुक्कामी असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना आहे. पावसाळा तोंडावर आलेला. पागेसाठी दाणा आणि वैरण मोठ्या खटपटीने जमवलेली. राजे बजावतात, की आज हवे तसे उधळाल तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, हेही ते सांगतात. दिव्याची जळती वात उंदीर नेईल आणि गवताची गंज पेटेल, इथपर्यंत त्यांची नजर पोहोचली आहे. या पत्राचा गौरव आपण रयतेच्या कळवळ्यासाठी करतो, आणि तो योग्यच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. साठा मोजून पुरवायचा असतो, आणि हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडून भागत नाही. ते वरून ठरवून द्यावे लागते. दाण्याला जे लागू तेच माणसाच्या शक्तीलाही लागू आहे.

ही शक्ती संपली की काय होते? प्रथम हात बिघडतो. लगामाला हिसका बसू लागतो, पूर्वी शब्दावर चालणारे काम छडीवर येते. घोड्याला हे लगेच कळते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात माणसांना घोडा धरून ठराविक अंतर चालायला सांगितले होते. शेवटच्या खेपेस, घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल, असे त्यांना सांगण्यात आले. छत्री उघडलीच नाही. माणसाच्या मनात नुसती धास्ती होती. तरी त्याच्याबरोबर घोड्याच्याही काळजाचे ठोके वाढले. तेव्हा थकून चिडलेला घोडेवाला आणि पाठीवर आपले सहा वर्षांचे मूल, अशी जोडी जमली तर धोका कोणाला, ते सांगायला नको.

पशुवैद्यांची गोष्ट याहून अवघड आहे. ब्रिटनमधील पाहण्यांत पशुवैद्यांतील आत्महत्यांचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या तिपटीच्या घरात आढळले. कारणे अनेक आहेत, पण एक त्यांच्या धंद्यातच आहे : जे जनावर वाचवायला शिकलो ते आपल्याच हाताने संपवावे लागणे. आपल्याकडेही ही वेळ आली आहे. २००६ साली महाराष्ट्रात ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग पुन्हा निघाला, आणि त्यात पाचगणीही होती. हा रोग माणसालाही होतो. त्यामुळे निदान पक्के झाले की घोडा मारावा, असे १८९९ चा कायदा सांगत होता. तो कायदा पुढे २००९ च्या नव्या कायद्यात विलीन झाला. नियम कडक आहे आणि तो तसाच असला पाहिजे. पण अंमलबजावणीच्या त्या सकाळी थाण्यावर दोन माणसे उभी असतात. एकाचे पोट जात असते, दुसऱ्याच्या हातात सुई असते. पहिल्याला भरपाईची तरतूद असते. दुसऱ्याने दुपारी पुढच्या गावच्या गाईकडे जायचे असते. अशा कामाला एकट्या वैद्याला पाठवू नये, दोघांना पाठवावे, आणि त्या दिवशी त्यांच्यावर दुसरे काम ठेवू नये. खर्च वाढेल, तो वाढू द्यावा.

धनगरांच्या वाड्याकडे पाहिले म्हणजे या ‘दोघां’चे महत्त्व कळते. काही कुटुंबे मिळून एक वाडा होतो. मुक्काम हलला की बायका घोडीवर संसार लादतात, नव्या जागी उतरवतात. पुरुष मेंढरांबरोबर असतात. पोरेसोरेही हाताशी असतात. कष्टांची कमतरता नाही, आणि त्या जिण्याचे गोडवे घरात पंख्याखाली बसून गाणे मला शोभणार नाही. पण एक आजारी पडला तर त्याची घोडी दुसरा हाकतो. थाण्यावरच्या घोडेवाल्याला हा शेजार राहिलेला नाही. शेजारचा घोडेवाला हा त्याचा गिऱ्हाईक ओढणारा प्रतिस्पर्धी झाला आहे.

तेव्हा उपाय एकेकट्याने करण्यासारखा नाही. तळावरच्या सर्वांनी मिळून दिवसाच्या फेऱ्या ठरवाव्यात, म्हणजे थांबणाऱ्याचे गिऱ्हाईक चालणारा नेणार नाही. आठवड्यातला एक दिवस पाळीने सुटीचा. त्या दिवशी दाणापाणी शेजाऱ्याने पाहावे, पुढे याने त्याचे पाहावे. पावसाळ्याची वैरण एकत्र विकत घेतली तर स्वस्त पडेल आणि सावकाराची पायरीही थोडी लांब राहील. या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलाला बसायला आणि हाकायला शिकवतात, तसे थांबायलाही शिकवावे. घोडा मला आवडतो, एवढ्या भांडवलावर आलेली मुले सर्वांत लवकर करपतात. आवड असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि हे धन्याच्या ध्यानात यायला वेळ लागत नाही.

आणि आपण? आपणही या हिशेबात आहोत. वेण्णेच्या काठी घासाघीस करून कमी केलेले पैसे पावसाळ्याच्या वैरणीतून जातात. वरातीचे तर विचारूच नका. नवरदेव संध्याकाळी घोडीवर बसतो. पुढे ढोल, मागे भिंतीएवढे ध्वनिवर्धक, पायाशी फटाके. आणि चौकाचौकात मित्रमंडळींचा नाच. आपल्याला ऐकू न येणारे उंच आवाजही घोडीला ऐकू येतात. ती बिथरू नये म्हणून तिच्या तोंडाशी उभा असलेला माणूस चार-चार तास लगाम सोडत नाही, जेवणाचे त्याला कोणी विचारत नाही, आणि मध्यरात्री त्याने तिला घेऊन चालत घरी जायचे असते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावचा मुहूर्त.

रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. तो कितपत पाळला जातो हे आपण जाणतोच. घोडीसाठी मात्र नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. घोडी ठरवतानाच किती वाजता सोडणार ते सांगावे आणि त्या वेळी सोडावे. फटाके तिच्यापासून दूर, कर्णे तिच्या पुढे नव्हे तर बरेच मागे. मध्ये अर्धा तास तिला बाजूला नेऊन पाणी दाखवू द्यावे. आणि पंगतीत पहिले पान वाढताना कोणीतरी बाहेर जाऊन, लगाम घटकाभर कोण धरतो, एवढे विचारावे.