काम देणें आणि सोबत देणें

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं बोलावयास उभे राहिलों म्हणजे गत वर्षांचा गौरव करावा, असा रिवाज आहे. तें काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनीं आज सकाळींच उत्तम प्रकारें केलें आहे. सबब आम्ही आपलें लक्ष मागच्या दोन बांकांकडे वळवूं इच्छितों. तेथें आपल्याच गांवचे कांहीं तरुण आपापल्या आईच्या शेजारीं बसले आहेत. कोणाचें वय २०, कोणाचें २५. लग्नाच्या मांडवांत आपण त्यांस प्रेमानें जेवूं घालतों, त्यांच्या पाठीवरून हात फिरवितों. परंतु सोमवारीं सकाळीं ते काय करितात, हें आपणांपैकीं कितीजणांनीं विचारिलें आहे?

या मुलांस पूर्वीं मतिमंद म्हणत. त्याहून कठोर शब्दही आपल्या आळींत ऐकूं येत, आणि खरें सांगावयाचें तर अजूनही येतात. कायदा त्यांस बौद्धिक दिव्यांग म्हणतो. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क अधिनियमानें सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठीं राखिल्या. त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांच्या वांट्यास मिळून आला आहे. कायदा चांगला आहे. पण एवढ्या वांट्यांतून आपल्या मागच्या बांकापर्यंत किती पोंचेल, याचा हिशेब आपणच करावा.

शाळा नाहींत असें नाहीं. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून चालू आहे, व तिच्या मागून अनेक निघाल्या. अडचण शाळा संपल्यावर सुरू होते. अठराव्या वर्षीं मुलगा घरीं येतो आणि ओट्यावर बसतो. बसून बसून, शाळेंत शिकलेलें बटण लावणें व पैसे मोजणें हेंही विसरतो. आई मात्र म्हातारी होत जाते, आणि 'आमच्या मागें याचें कोण?' हा प्रश्न ती दिवसा कोणास विचारीत नाहीं, रात्रीं विचारिते.

आजवरची रीत अशी कीं, आधीं मुलास तयार करावें व मग कामास लावावें. म्हणून तो वर्षानुवर्षें मेणबत्त्या ओततो, पाकिटें चिकटवितो. 'तयार झाला' असें कोणी म्हणत नाहीं, आणि तो तेथेंच तिशी गांठतो. शिवाय या मुलांस एका जागीं शिकलेलें दुसऱ्या जागीं वापरणें फार जड जातें. वर्गांतील नळ आणि बेकरींतील नळ हे त्यांच्या लेखीं दोन निराळे नळ होत. म्हणूनच खऱ्या जागेवर प्रथम नेमावें व तेथेंच शिकवावें, असा विचार पुढें आला. अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत मार्क गोल्ड नांवाच्या शिक्षकानें, ज्यांस शिकविणें व्यर्थ असें लोक म्हणत, अशा माणसांकडून सायकलीचे ब्रेक जुळवून घेतले. काम लहान लहान पायऱ्यांत तोडावें, बोलावें थोडें, हातानें दाखवावें जास्त. आणि तरीही जमलें नाहीं तर दोष शिकणाऱ्याचा न मानितां शिकविण्याची रीत बदलावी, हा त्याचा बाणा होता.

पुढें १९९६ सालीं सिनसिनाटी शहरांतील मुलांच्या रुग्णालयांत एरिन रील या परिचारिकेच्या मनांत एक साधा प्रश्न आला. आपल्या तातडीच्या विभागांत कपाटें भरण्यास माणसें टिकत नाहींत. उलट ज्या मुलांवर आपण उपचार करितों, त्यांच्यासारख्याच तरुणांस काम कोणी देत नाहीं. मग या दोहोंची गांठ कां घालूं नये? त्यांतून 'प्रोजेक्ट सर्च' निघालें. शाळेच्या शेवटच्या वर्षीं तरुण रोज रुग्णालयांतच जातो, तीन निरनिराळ्या विभागांत आळीपाळीनें काम करून पाहतो, आणि एक शिक्षक तेथेंच हजर असतो. ही पद्धत आज अमेरिकेबाहेरही पुष्कळ ठिकाणीं चालते. आम्हांस यांतील दयेपेक्षां गरज अधिक आवडते. कपाटें खरोखरच भरावयाचीं होतीं.

आतां घरची गोष्ट. आमच्या समितीनें एका २० वर्षांच्या मुलास जवळच्या रोपवाटिकेंत नेलें. काम पिशव्यांत माती भरण्याचें. पहिल्या दिवशीं कांहीं पिशव्या उतूं गेल्या, कांहीं अर्ध्याच राहिल्या. मालकाचें तोंड उतरलें. तेथें वर्षानुवर्षें राबणाऱ्या एका मावशींनीं चहाचा जुना पत्र्याचा डबा आणिला व त्यास दाखविलें : दोन डबे, एक पिशवी. मोजतां येत नव्हतें, म्हणून वीस पिशव्या मावतील असा एक क्रेट दिला; भरला कीं हांक मारावयाची. मावशी कोणत्याही प्रशिक्षणास गेलेल्या नव्हत्या. सोबती म्हणतों तो हाच.

सर्व सुरळीत झालें असें मात्र नाहीं. पावसाळ्यांत बसचा थांबा हलविला गेला, आणि मुलगा संध्याकाळीं तीन मैलांवर भिजलेला सांपडला. आईनें सांगितलें, आतां पुरे. तिला दोष देण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. मावशी मात्र दुसऱ्या दिवशीं घरीं आल्या, व पुढील आठवडाभर त्याच्यासोबत नव्या थांब्यापर्यंत चालल्या. आठवड्याच्या शेवटीं वीस पावलें मागें राहून. आज इतर मजुरांस पिशवीमागें जो दर मिळतो, तोच त्यास मिळतो.

याच्या उलट एका दुकानदारानें दुसऱ्या मुलास मोठ्या मनानें ठेवून घेतलें, खुर्ची दिली, रोज खाऊ दिला, पगारही दिला. काम दिलें नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत तो मुलगा आईला म्हणाला, 'मी तिथें काय करतों?' आणि जावयाचें थांबला. आम्ही त्या दुकानदाराशीं आधीं नीट बोललों नव्हतों, ही चूक आमची. त्याचप्रमाणें, शिकाऊ म्हणून ठेवून वर्षभर फुकट राबवून घेणें हेंही आम्हांस मान्य नाहीं. शिकण्याचा काळ किती व नंतर मजुरी किती, हें पहिल्याच दिवशीं ठरावें.

आपल्या ख्रिस्तमंडळींत बेकऱ्या आहेत, फुलांच्या वाड्या आहेत, गोठे, छापखाने, मंडपाचीं गोदामें आहेत. सभा संपल्यावर दाराशीं एक वही ठेविली आहे. तींत वर्गणीचा आंकडा लिहूं नये. आपल्याकडील कोणतें काम रोज अडतें, आणि त्या मुलाजवळ उभें राहील असें माणूस कोण, एवढेंच लिहावें. दुसरा रकाना रिकामा असेल तर पहिला भरूं नये, ही विनंति. रोपवाटिकेच्या मालकांनीं काल रात्रींच पहिली ओळ लिहिली आहे : पिशव्या भरणें, आणखी एक जागा; सोबतीस मावशी.