तळघरातली सभा



प्रार्थनामंदिर म्हटले की आपली दृष्टी कळसाकडे जाते. आज आम्ही आपणांस एका चर्चच्या तळघरात नेणार आहोत.

अमेरिकेतील अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी. तेथे डेक्स्टर अॅव्हेन्यू या हमरस्त्यावर तांबड्या विटांचे एक बॅप्टिस्ट चर्च आहे. जवळच विधानभवन. गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याने १८६१ साली तेथेच शपथ घेतली. गुलामगिरी गेली, आणि १८७७ साली ही कृष्णवर्णीय मंडळी स्थापन झाली. पूर्वी गुलामांना विक्रीपूर्वी जेथे कोंडून ठेवीत, त्याच जागी तिची पहिली उपासना झाली. पुढे पैपैसा जमवून तिने स्वतःची इमारत उभारली. १८८७ साली कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाची नावनोंदणी झाली, ती या इमारतीच्या तळघरात.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बॅप्टिस्टांत प्रत्येक मंडळी स्वतंत्र. वर बिशप नाही. पाळक मंडळीच निवडते, त्याचा पगार तीच देते. ज्या गावात शिक्षकाची नोकरी आणि मोलकरणीची चूल गोऱ्यांच्या मर्जीवर चाले, तेथे ही एवढी वास्तू तरी आपली होती.

तरी दोष होतेच. प्राध्यापक, डॉक्टर अशा प्रतिष्ठितांची ही मंडळी. धुणीभांडी करणाऱ्यांना ती थोडी दूरचीच वाटे. व्हर्नन जॉन्स हे पाळक तर स्वतः भाजीपाला विकीत आणि या सुखवस्तूपणावर व्यासपीठावरून कोरडे ओढीत. ते मंडळीला पेलले नाहीत. १९५२ साली ते गेले. १९५४ साली त्यांच्या जागी २५ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग आले. प्रत्येक सभासदाने मतदार म्हणून नाव नोंदवावे, असा आग्रह त्यांनी आल्याबरोबर धरला.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधील जागा गोऱ्या उतारूसाठी सोडली नाही. त्यांना अटक झाली. याच चर्चच्या सभासद, प्राध्यापिका जो अॅन रॉबिन्सन यांनी रातोरात हजारो पत्रके छापली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावचे पुढारी जमले, ते पुन्हा त्याच तळघरात. सोमवारपासून बसवर बहिष्कार पडला. बसचे सुमारे पाऊण उतारू कृष्णवर्णीय. ते पायी चालू लागले. चर्चांनी मोटारींची व्यवस्था केली. प्राध्यापकाच्या गाडीत मोलकरीण बसली. जॉन्स यांना उपदेशाने जे साधले नव्हते, ते रस्त्याने साधले.

३० जानेवारी १९५६ रोजी किंग यांच्या घरावर बाँब पडला. पत्नी व तान्ही मुलगी घरात होती, दोघी बचावल्या. चिडलेला जमाव दारी आला, तेव्हा किंग यांनी त्याला हत्यारे घरी ठेवण्यास सांगितले. ३८१ दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, बसमधील भेद संपला. १९५९ साली किंग भारतात आले, तेव्हा मुंबईस मणिभवनात गांधीजींच्या स्मृतीपुढे नम्र झाले.

श्रोतेहो, आपल्या गावातही वर्गणीतून उभी राहिलेली देवळे आहेत, धर्मशाळा आहेत, सभागृहे आहेत. त्यांचे उत्सव थाटाने होतात, त्यात आम्हीही रमतो. पण गावातल्या एखाद्या बाईवर अन्याय झाला, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांपैकी कोणत्या जागेचे कुलूप उघडेल? आणि किल्ली ज्यांच्या हाती, ते आपणच ना?