विडीचा धूर आणि हृदयाची उजवी मोटार

(आष्टा, ता. वाळवा, जि. सांगली येथे ऊस उत्पादक शेतकऱ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



मला येथे बोलावले आहे ते खोडवा व्यवस्थापनावर बोलण्यासाठी. तो विषय जेवणानंतर घेऊच. त्याआधीचा थोडा वेळ मी संयोजकांकडून मागून घेतला आहे. मी कृषिविद्येचा अध्यापक आहे, डॉक्टर नाही. पुढे जे सांगणार आहे ते डॉक्टरांकडून समजून घेतलेले आणि घरी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आमचे थोरले चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. घरचे गुऱ्हाळ होते. हंगामात तात्या चुलवाणापुढे चिपाड सारत बसायचे आणि हातात विडी असायचीच. पन्नाशीनंतर खोकला व बेडका कायमचा झाला. विडी ओढणाऱ्याला खोकला असायचाच, असे घरातले सगळे म्हणत. पुढे रानातून घरी येताना ते दोन ठिकाणी बांधावर टेकू लागले. मग पायांवर सूज आली. सरीतल्या पाण्यात उभे राहून सूज आली असेल, असे समजून आम्ही शेक दिला. मी त्या वेळी एम. एस्सी. करीत होतो. ठिबकाच्या दाबाचे गणित मला तोंडपाठ होते, पण घरच्या माणसाच्या पायांवरची सूज फुप्फुसातून आली आहे हे मला कळले नाही.

ती कशी येते, हे आपल्या भाषेत सांगतो. हृदयात दोन मोटारी एकाच वेळी चालतात. डावी मोटार सर्व अंगाला रक्त पुरवते. ती जास्त हेडची आहे. दंडावर मोजतो तो १२० चा दाब तिचा. उजवी मोटार तेवढेच रक्त, म्हणजे विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर, शेजारच्या फुप्फुसात ढकलते. तिला फार उंची चढवायची नसल्याने तिची भिंत पातळ असते. फुप्फुसाच्या रोहिणीतील सरासरी दाब अवघा १४ च्या आसपास असतो. तो २० च्या वर गेला की त्यास पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसाचा रक्तदाब म्हणतात. दंडावरचे यंत्र हा दाब दाखवीत नाही. आपले बी.पी. नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता धूर काय करतो ते पाहू. वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिका सुजतात व अरुंद होतात, हवेच्या बारीक पिशव्या फाटतात आणि त्यांच्याभोवतीच्या केसासारख्या रक्तवाहिन्याही नष्ट होतात. या आजारास डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात. ठिबकाच्या निम्म्या लॅटरल बुजल्या तर मेन लाईनवर दाब वाढतो, तसेच येथे होते. शिवाय शरीराची एक मूळची व्यवस्था आहे. ज्या भागात हवा पोचत नाही, त्या भागाचा व्हॉल्व्ह फुप्फुस स्वतःच आवळते, म्हणजे रक्त वाया जात नाही. एखाद्या कोपऱ्यापुरते हे शहाणपणाचे आहे. पण सगळ्याच प्लॉटमध्ये हवा कमी पडली की सगळेच व्हॉल्व्ह आवळले जातात, आणि कमी हेडची मोटार बंद पाइपवर चालत राहते. ती आधी जाड होते, मग फुगते, मग थकते. मागे तुंबलेल्या रक्ताने मानेच्या शिरा फुगतात, पाय सुजतात, पोट फुगते.

विडी लहान, म्हणून अपाय कमी, असे आपल्याकडे समजतात. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असतो हे खरे. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा जात नाही, विडी विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोराने घ्यावे लागतात. त्यामुळे डांबर व कार्बन मोनॉक्साइड छातीत अधिक जाते. निपाणी भागात १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. ती मागणी रास्तच होती. आम्हीही तंबाखू नगदी पीक म्हणूनच शिकलो. त्याच पानाचे पुढे काय होते, हे मात्र कोणत्या तासाला शिकवल्याचे मला आठवत नाही.

भगिनींनी हा विषय पुरुषांचा समजू नये. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५० च्या दशकापासून याच आजाराच्या रुग्णांचा अभ्यास केला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांतही हा आजार पुरुषांइतकाच आढळला. कारण होते चुलीचा धूर. गॅस आल्यावरही पाणी तापवायला चूल पेटतेच. पाचट जाळण्याचेही तेच. हेक्टरी ८ ते १० टन पाचट पेटवून आपण जमिनीचे सेंद्रिय खत घालवतो आणि धूर गावाच्या छातीत भरतो. ते कुजवावे कसे, हे दुपारी सांगतो.

उपायात पहिला म्हणजे विडी बंद. गेलेले फुप्फुस परत येत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण लंडनमधील कामकरी पुरुषांवर फ्लेचर व पेटो यांनी आठ वर्षे केलेल्या अभ्यासात (१९७७) दिसले, की धूम्रपान सोडल्यावर फुप्फुसाची घसरण न ओढणाऱ्याच्या वेगावर येते. चाळिशीत सोडणारा सर्वांत जास्त वाचवतो. साठीत सोडणाराही वाचवतो. तात्यांनी विडी सोडली, पण पाय सुजल्यानंतर. सोडण्यास मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे.

खोकला व धाप तीन महिन्यांवर राहिली तर फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री करून घ्यावी. सूज असेल तर हृदयाची इको तपासणी डॉक्टर सांगतील. लघवीच्या गोळीने सूज उतरते, पण बुजलेल्या लॅटरल उघडत नाहीत. फुप्फुसाचा दाब उतरवणाऱ्या गोळ्या वेगळ्या आजारासाठी आहेत. सी.ओ.पी.डी.त त्यांचा सहसा उपयोग नाही, म्हणून कोणाचे ऐकून त्या घेऊ नयेत.

कोरोनाच्या साथीत घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र अनेकांकडे पडून असेल. आजारी माणूस स्वस्थ बसलेला असताना ते ८८ किंवा खाली दाखवीत असेल, तर प्राणवायूविषयी डॉक्टरांना विचारावे. इंग्लंड-स्कॉटलंडमधील अशा रुग्णांच्या १९८१ च्या प्रयोगात रोज १५ तास प्राणवायू घेणाऱ्या ४२ पैकी १९ जण पाच वर्षांत दगावले, न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. तासभर घेऊन काढून ठेवल्यास हा फायदा नाही. बरे वाटते म्हणून प्रवाह आपल्या मनाने वाढवू नये. या रुग्णांना जादा प्राणवायूही घातक ठरतो. यंत्र विजेवर चालते, तेव्हा वीज जाईल त्या वेळेसाठी भरलेला सिलिंडर जवळ असावा. आणि त्या खोलीत विडी, चूल, उदबत्ती काहीही पेटवू नये.

आता कोणाला विचारायचे असेल तर विचारावे. बसल्या जागेवरून विचारले तरी चालेल.