पाचट लागलं, एवढंच?

नगर जिल्ह्याच्या उसाच्या पट्ट्यात त्वचारोगाचा दवाखाना चालवणाऱ्याला पुरळाचं नवल वाटत नाही. नायटा, घामोळं, गांधी. निम्मे रुग्ण तर कारण स्वतःच सांगतात, 'पाचट लागलं, डॉक्टर.' मीही एकदा तेवढ्यावर थांबलो. तोडणीच्या हंगामात एक तरुण आला. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. खाजतंय का, हेसुद्धा न विचारता मी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. दहा दिवसांनी तो परत आला तेव्हा हिरड्या सुजून दातांवर आल्या होत्या आणि छातीवर जांभळट, टणक गाठी उठल्या होत्या. त्याच्या आईनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, 'महारोग तर नाही ना?' महारोग नव्हता. रक्ताचा कर्करोग होता, ल्युकेमिया.

ठिपके आणि गाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट निरोगी माणसात दीड ते साडेचार लाख असतात. हाडांतला मगज रोगट पेशींनी भरला की त्या घटतात आणि कातडीखाली रक्त झिरपतं. असा ठिपका खाजत नाही. त्यावर काचेचा पेला दाबा, लाली जात नाही. ॲलर्जीची लाली बहुधा फिकी पडते. डेंग्यूतही असे ठिपके येतात, तेव्हा लगेच घाबरू नका. गाठींचं वेगळं. तिथे कर्करोगाच्या पेशीच कातडीत मुक्काम करतात. ज्या प्रकारात मोनोसाइट जातीच्या पेशी वाढतात, त्यात हे जास्त दिसतं, हिरड्याही त्यातच सुजतात. क्वचित रक्ताच्या तपासणीत काही सापडण्याआधीच गाठ येते. मग तिचा तुकडा काढून तपासावा लागतो.

यावर मलम नाही. केमोथेरपी सुरू झाल्यावर त्या मुलाच्या गाठी विरल्या. आईला वाटलं, बरा झाला. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. दहा दिवस आधी कळलं असतं तर वाचला असता, असं मी म्हणू शकत नाही. पण ते दहा दिवस मी घालवले.

तेव्हा न खाजणारे ठिपके, जोडीला ताप, थकवा किंवा हिरड्यांतून रक्त असेल तर त्याच दिवशी सीबीसी करून घ्या, आणि रक्ताची काचपट्टी पॅथॉलॉजिस्टनं स्वतः पाहावी असा आग्रह धरा. रिपोर्ट येईपर्यंत ॲस्पिरिन घेऊ नका, कमरेत इंजेक्शनही नको. खर्चाच्या धास्तीनं घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. जाताना रेशनकार्ड बरोबर ठेवा.